गळती हंगाम

कादवा साखर कारखान्याचा गळीत हंगाम आणि माझ्या गाडीचा गळती हंगाम एकाच सुमारास सुरू झाले. पुढचा सगळा घोळ त्या योगायोगामुळे झाला, असं माझं म्हणणं आहे. घरच्यांचं म्हणणं वेगळं आहे. पण लेख मी लिहितोय.

आमच्या दिंडोरी तालुक्यात दिवाळी सरली की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात, आणि वारा राजारामनगरकडचा असला तर त्याला मळीचा, किंचित करपल्या पाकासारखा वास असतो. लहानपणापासून तो नाकात इतका मुरलाय की त्याची कुणी दखल घेत नाही. त्यामुळे गाडी वणीच्या रस्त्याला लागली आणि बायको म्हणाली, "अहो, गोड गोड वास येतोय कसला तरी," तेव्हा मी स्टिअरिंगवरचा एक हात काढून खिडकीबाहेर केला. "कारखान्याचा बॉयलर पेटलाय."

अवनखेड मागं पडलं, लखमापूर फाटा मागं पडला. वास काही मागं पडेना.

"केवढा मोठा कारखाना म्हणायचा हा," बायको म्हणाली.

समोरची काच आतून धूसर झाली होती. फडक्यानं पुसली तर पट्टे उठले आणि बोटाला तेलकट लागलं. थंडीत काचेवर दव धरतं, मी समजावलं. आतून का धरतं, तर आपण श्वास सोडतो म्हणून. हे शास्त्र सांगण्यात मी इतका रंगलो की तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसलेला मला दिसला नाही. मागच्या दिवाणाखालून 'फस्स' असा आवाज आला, पाठोपाठ वाफ आली, आणि आमची फिरती वास्तू रस्त्याच्या कडेला, एका द्राक्षबागेच्या कुंपणाशी, उभ्या उभ्या धुपू लागली. बागेतला माणूस धावत आला. त्याला वाटलं, शाळेतली पोरं आत आहेत.

त्याचंही बरोबर होतं. गाडी म्हणजे एका शाळेची पोरं चौदा वर्षं वाहून थकलेली पिवळी मिनीबस. पतसंस्थेतून निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात आले, आणि डोक्यात बरीच वर्षं घोळत असलेला किडा वळवळला. 2021 साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा पेपरात धरणाच्या काठी उभ्या असलेल्या फिरत्या घराचं चित्र पाहिलं होतं. आमच्या तालुक्यात धरणांना तोटा नाही. ओझरखेड आहे, करंजवण आहे, वाघाड आहे, पालखेड आहे. मग काठावर राहायला आपलंही एक घर हवं, असं वाटलं. ओझरखेडचा काठ आमच्या घरापासून स्कूटरवर अर्ध्या तासावर आहे, ही गोष्ट त्या वेळी कुणी बोललं नाही. बाकं काढली, प्लायचे दिवाण ठोकले, गॅसची शेगडी बसवली. परवानगीबिरवानगीचा विषय लेखात काढू नका, असं जावईबापूंनी बजावलंय, तेव्हा तो नाही काढत.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मला थंडी आठवली.

निफाडचा पारा दरवर्षी पेपरात छापून येतो. आमचा येत नाही, पण आम्ही शेजारीच आहोत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बागांना तडाखा बसतो, मण्यांना तडे जातात, साखर उतरायची थांबते. मग लोक बागेत जागोजाग शेकोट्या करतात आणि पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. अशा थंडीत पत्र्याच्या डब्यात रात्र काढायची, तर आत ऊब पाहिजे. परदेशात अशा गाड्यांत पाण्यावर चालणारी व्यवस्था असते, हे मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. गॅस, वीज नाहीतर डिझेलवर पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण तापवायचं, छोट्या पंपानं ते नळ्यांतून गाडीभर फिरवायचं, आणि कडेकडेच्या जाळ्यांमधून ऊब सोडायची. स्वीडनची आल्डे कंपनी तर हेच करते. त्या यंत्राची किंमत मी पाहिली आणि मोबाइल उलटा ठेवला.

मग सुचलं. डिझेलच्या इंजिनात जाळलेल्या तेलातली निम्म्याहून जास्त ताकद उष्णता होऊन वाया जाते. ती उष्णता वाहून नेणारं कूलंट आपल्याकडे आधीच आहे. इंजिनापासून दोन नळ्या मागे न्यायच्या, मध्ये भंगारातल्या मोटारीचा हिटरचा छोटा रेडिएटर टाकायचा, त्यामागे पंखा. झालं! ज्याचं नावच थंड करणारं, त्याच्याकडून ऊब वसूल करायची. पतसंस्थेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला असली वसुली आवडते.

नळ्या कुठल्या वापरल्या, हे सांगायची वेळ आली.

ठिबकच्या.

हसू नका. दीड एकर थॉमसन द्राक्षबाग आहे माझी, आणि ठिबकातलं मला कळतं. लॅटरल कुठे फुटलीय हे मला न बघता कळतं. चपलेला चिखल लागला की समजायचं खारीनं कुरतडलीय, आणि दोन ओळींमधलं गवत एकाच जागी हिरवंगार असलं की समजायचं जॉइनर सैल आहे. पुन्हा गंमत अशी, की ठिबकची नळी बाहेरून 16 मिलिमीटर आणि मोटारीच्या हिटरचा रबरी पाइप आतून 16 मिलिमीटर. एकात एक अशी बसली, जणू दोन्ही कारखान्यांनी बसून ठरवलं होतं. वर क्लिप आवळली. जाऊन-येऊन पंधरा मीटर नळी. मला वाटलं, हा योग उगाच जुळत नाही.

ती नळी विहिरीच्या पाण्यासाठी असते. नव्वद अंशाच्या पाण्यात ती नळी राहत नाही, उकडलेली शेवग्याची शेंग होते. क्लिप तिला आवळत नाही, चावते. हे मला वणीच्या अलीकडे, वाफेत उभं राहून कळलं.

गाडी ओढून फाट्यावरच्या गॅरेजला नेली. मिस्त्री तरुण, बोलायला अगदी कंजूस. त्यानं दिवाणाची फळी उचलली, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नाना, याला ड्रिपर कुठे लावलेत?"

एवढंच बोलला. मग सगळी लॅटरल उपटून त्यानं जाड, आत दोरा विणलेला रबरी पाइप टाकला, जोडांवर पितळी नळीचे तुकडे घातले, क्लिपा नव्या मारल्या. निघताना बजावलं, की आता फळीला हात लावू नका. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आठवडाभरानं पाण्याची बाटली पुन्हा खाली गेलेली दिसली. कूलंटची ती पांढरी बाटली, तिच्यावर कमी-जास्तच्या दोन रेघा. रोज सकाळी चहाआधी मी तिच्यासमोर टॉर्च घेऊन उभा राहू लागलो. आमच्याकडे वाघाडच्या पाण्याचा हिशोब शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था ठेवतात, थेंबाथेंबाचा. मग मला गाडीतल्या तेरा लिटरचा जमू नये? जुनी खातेवही काढली. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. डिसेंबर आणि जानेवारी मिळून आवक 19 लिटर. जमिनीवर ओल दिसली ती, सढळ हातानं धरली तरी 4 लिटर. तफावत 15 लिटर. पतसंस्थेत पंधरा रुपयांची तफावत निघाली तर मी पोरांना रात्री आठपर्यंत बसवून ठेवायचो. इथे पंधरा लिटर गायब, आणि सही करायला मीच.

तपास सुरू झाला. आधी द्राक्षाचे पुठ्ठ्याचे खोके फाडून गाडीखाली अंथरले. सकाळी पुठ्ठ्यावर ओल कुठे पडते ते पाहायचं. ओल पडायची मागच्या डाव्या चाकाशी. आता ही ओल कूलंटची की आणखी कशाची? मिस्त्रीला मी एकदा पाहिलं होतं, त्यानं बोट ओल्याला लावलं, जिभेच्या टोकाला टेकवलं, थुंकला, आणि म्हणाला, "गोड. कूलंटच." कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल गोड असतं आणि तितकंच विषारी, कुत्री गोडीला भुलून चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. हे मी नंतर वाचलं, आणि तेव्हापासून सांडलं तिथे लगेच माती टाकतो. पण त्या सकाळी मी वाचलेलं नव्हतं. मिस्त्रीसारखंच बोट लावलं, जिभेला टेकवलं.

चव गोड नव्हती. मोत्या लांब उभा राहून शेपटी हलवत होता.

मग लोकांचे उपाय. आपल्याकडे गाडी गळते म्हटलं की हवेतून माणसं उगवतात. एकानं साबण लावायला सांगितलं. एकानं बाटलीत देवीचा अंगारा टाकायला सांगितला, निदान त्यानं सांगताना हात तरी जोडले. आणि एका जुन्या ट्रकवाल्यानं सांगितलं: रेडिएटरात मूठभर हळद टाका. हा उपाय थट्टेचा नाही. हळदीची पूड पाण्यात फुगून बारीक छिद्रात जाऊन बसते, आणि अडलेला ट्रक गावापर्यंत पोचतो. पिढ्या न् पिढ्या ड्रायव्हरांनी असंच केलंय. गाव आल्यावर मात्र ती काढून टाकायची असते. मी एक मूठ टाकली. गुण आला नाही म्हणून दुसरी टाकली. कूलंट हिरवं होतं ते आळूच्या फतफत्यासारखं झालं. स्वयंपाकघरातला डबा हलका लागला तेव्हा बायकोनं विचारलं. मी खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "फोडणी नाही दिली?"

दाब देऊन तपासायची युक्ती मात्र माझी. गाडी थंड असताना न गळणारा जोड गरम झाल्यावर गळतो, कारण तापलेल्या कूलंटला दाब असतो. आमच्या उंचीवर साधं पाणी शंभराच्या दोन अंश आधीच उकळतं. पण टोपण घट्ट लावून दाबात ठेवलं की वीसेक अंश पुढे जाईपर्यंत तग धरतं. म्हणून रेडिएटरच्या टोपणात स्प्रिंग असते आणि वर आकडा कोरलेला असतो. माझ्या टोपणावर 0.9 होता. मी तो टोपणाचा नंबर समजलो, चपलेचा असतो तसा.

जुन्या टोपणाला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि गाडी पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला.

"नाना, किती मारू?"

आता किती सांगायची? आयुष्यभर स्कूटरच्या मागच्या चाकाला जी सांगत आलो तीच तोंडातून गेली. "तीस."

0.9 म्हणजे हवा भरणाऱ्याच्या काट्यावर तेरा. हे मला मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. पंक्चरवाल्याचा काटा पंचविसाला टेकला तेव्हा आतून बंदुकीसारखा आवाज झाला, मागच्या हिटरचा पाइप क्लिपेसकट निसटला, आणि हळदीचं हिरवं पाणी नव्या गाद्या, सतरंजी, छत आणि माझ्या बायकोनं हौसेनं शिवलेले पडदे यांवर समान न्यायानं उडालं. द्रवाचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे शाळेत शिकलो होतो. छतापर्यंत पोचतो हे नव्हतं शिकवलं. पंक्चरवाल्यानं मशीन बंद केलं आणि गंभीरपणे म्हणाला, "गळती सापडली."

सापडली नव्हती, मी नवी केली होती. ती बुजवली, आणि पुन्हा भरण्याचा सोहळा झाला. हाही एक प्रकार आहे. एवढ्या लांब नळीत हवा अडकते आणि इंजिन भणभण तापत असताना मागचा हिटर बर्फासारखा थंड राहतो. त्यासाठी गाडी पाटाच्या चढावर तोंड वर करून उभी करायची, टोपण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, आणि बुडबुडे संपेपर्यंत वाट बघायची. चढावर तोंड वर करून घरघरणारी पिवळी बस, तिच्या नाकाशी डबा घेऊन उभा असलेला मी. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायचो, "हवा काढतोय." ते म्हणायचे, "कुणाची?"

एवढ्या सगळ्यात आई एक गोष्ट सांगत होती. म्हणजे प्रत्येक फेरीला सांगत होती. मिस्त्रीनं पाइप बदलल्यानंतर आम्ही चाचणीसाठी तिला घेऊन दोनचारदा दिंडोरी ते लखमापूर फाटा अशा चकरा मारल्या. ती डावीकडच्या दिवाणावर पाय खाली सोडून बसायची आणि म्हणायची, "माझ्या पायाला ओलं लागतंय रे."

मी गाडी थांबवून तिला उठवायचो, वाकून पाहायचो. तिथे काही गळत नसायचं. शिवाय तिथे गळणं शक्यच नव्हतं, कारण तिथे जोडच नव्हता. सरळ, अखंड पाइप. गळती जोडातून होते. जोड नाही तिथे गळती नाही. शेजारी तिचा पाण्याचा तांब्या असायचा. "आई, तांब्या डचमळतोय तुझा," मी सांगितलं. तिनं तांब्या आणायचा बंद केला. तरी ओलं लागायचं. मग मी म्हणालो, थंडी आहे, वयात पायांना गार लागलं की ओलं वाटतं. ऐंशी वर्षांच्या बाईला ओलं आणि गार यातला फरक मी समजावत होतो.

जानेवारीच्या शेवटी कडाका वाढला. रात्री बायको आणि गडी बागेत शेकोट्या पेटवत होते, मी गाडीखाली झोपून ऊब शोधत होतो. गारठलो की उठून बागेत जायचो आणि द्राक्षांसाठी लावलेल्या शेकोटीशी हात धरायचो. घडांना जी ऊब दोन काटक्यांत मिळत होती, ती मला दोन महिन्यांत आणि दीड लाखांत मिळाली नव्हती.

अशाच एका रात्री मला पतसंस्थेतला दिवा आठवला. खोट्या नोटा ओळखायचा, जांभळ्या उजेडाचा. बऱ्याच हिरव्या कूलंटांमधला रंग त्या उजेडात झगझगीत पिवळा-हिरवा उजळतो, आणि परदेशातले मेकॅनिक त्यानंच गळती धरतात. काउंटरवरचा जुना दिवा मी शब्द टाकून आणला. रात्री अकराला, मफलर गुंडाळून, वायर ओढत गाडीखाली शिरलो आणि बटण दाबलं.

सगळ्यात आधी मी उजळलो. माझा पांढरा सदरा निळ्या ट्यूबलाइटसारखा पेटला. कपड्यांना पांढरं करणाऱ्या पावडरींत जे असतं, टिनोपाल वगैरे, ते याच उजेडात चमकतं. नोटांचंही तसंच असतं. खऱ्या नोटेचा कागद त्या उजेडात काळोखा राहतो, फक्त तिचे धागे, तंतू नि आकडे उजळतात. खोटी नोट बहुधा कागदासकट चमकते. तीस वर्षं मी लोकांना हे शिकवलं. गाडीखाली पडल्या पडल्या लक्षात आलं, की या हिशोबानं मी खोटी नोट आहे.

सदरा काढला. थंडीनं दात वाजत होते, पण अंधार स्वच्छ झाला. चासी काळी, पाइप काळे, मागच्या डाव्या चाकापाशी फिकट पिवळसर ओघळ. वर कुठून आला ते कळेना. ओघळाच्या मागं मागं सरपटत निघालो. आणि चाकाला लावलेल्या दगडाशी मला ते दिसलं: हिरवं, झळझळीत, पोपटी म्हणावं असं. बोटभर लांब. अरे वा! इतकं दाट, म्हणजे इथेच थेंब साठतोय. मी दिवा जवळ नेला. बोट पुढे केलं, जिभेचा धडा घेतलेला असल्यामुळे फक्त बोट.

थेंबानं शेपटी वर केली.

विंचू या जांभळ्या उजेडात हिरवा चमकतो. जवळजवळ सगळेच चमकतात, त्यांच्या कवचातच काही द्रव्यं तशी आहेत, आणि विंचवांचा अभ्यास करणारी माणसं रात्री हाच दिवा घेऊन हिंडतात. हे ज्ञानही मला उशिराच झालं. त्या क्षणी मला फक्त महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर आठवले, ज्यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन देऊन कोकणातली किती तरी माणसं वाचवली आणि 1980 च्या दशकात ते लॅन्सेटमध्ये लिहिलं. ते महाडला आहेत आणि मी दिंडोरीला, उघडा, गाडीखाली आहे, हा हिशोब पटकन झाला. मी कसा बाहेर आलो ते सांगता येणार नाही. चासीला डोकं आपटल्याची खूण आहे. हातात दिवा तसाच, वायर तशीच ओढत, "विंचू, विंचू" करत ओट्यावर चढलो.

आई जागीच होती. शेकोटीची राखण करणाऱ्यांना चहा म्हणून उठली होती, आणि ओट्यावर बसली होती. दिव्याचा उजेड तिच्यावर पडला. लुगडं निळसर चमकलं, ते साहजिकच. पण डाव्या बाजूला, काठाशी, वीतभर पट्टा वेगळाच होता. पिवळा-हिरवा. खालून वर ओल चढल्यासारखा.

"हळद सांडली का गं?" मी धापा टाकत विचारलं.

"हळद पायाला कशी सांडेल?" आई म्हणाली. "हळद तर तू गाडीत घातलीस."

मी खाली वाकून काठ नाकाशी धरला. गोड वास होता. कादवा कारखाना चार मैल लांब, आणि वारा पडलेला.

सकाळी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं आईला दिवाणावर बसायला सांगितलं आणि इंजिन गरम होऊ दिलं. स्वतः खाली पालथा पडून वाट बघत राहिला. आई टेकली की टप. आई उठली की बंद. पुन्हा टेकली, टप. मग त्यानं फळी उचलली. फळीच्या खालून लाकडाचा एक लांब स्क्रू निघून नव्या रबरी पाइपात रुतला होता, इतका चपखल की त्याचं त्यानंच बूच झालं होतं. कुणी बसलं की फळी दबायची, स्क्रू हलायचा, आणि शेजारून कूलंट निघायचं. तिथून ते प्लायखालच्या फोममध्ये मुरायचं, पत्र्याच्या पन्हाळीतून मागे वाहायचं, आणि डाव्या चाकाशी टपकायचं, जिथे मी दोन महिने पुठ्ठे अंथरत होतो. फोम उचलून अंगणात पिळला. तफावतीचे पंधरा लिटर नाही, पण बादलीभर निघालं. मोत्याला आधी बांधून ठेवलं.

"हा स्क्रू कुणी मारला?" मिस्त्रीनं विचारलं. "मी तर फळी नुसती ठेवली होती."

फळी करकरत होती हो. गॅरेजमधून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी. एक लांबसा स्क्रू घेतला, आवळला, करकर थांबली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. ते मी बोललो नाही, पण आईनं माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या उचलून आत गेली.

पाइप बदलला, हळद धुऊन काढली, स्वच्छ पाण्याचं नवं कूलंट भरलं. फेब्रुवारीत बाटलीची रेघ हलली नाही. हिटरनं अशी ऊब दिली की नातू शर्ट काढून झोपला. तोवर थंडी संपली होती, पण ते सोडा.

चैत्रात सप्तशृंगगडावर यात्रा भरते. खानदेशातून लोक पायी येतात, ऊन डोक्यावर घेऊन, नांदुरीच्या पायथ्याशी त्यांची रांग लागते. आम्ही सगळे बसमधून निघालो. वणी येईपर्यंत उकडायला लागलं. खिडक्या उघडल्या. पंख्याचं बटण बंद होतं, तरी मागच्या जाळीतून झळा येत होत्या, तव्याच्या येतात तशा. बायकोनं पदरानं वारा घेत विचारलं, "अहो, ते बंद कुठून करायचं?"

मी गाडी बाजूला घेतली आणि मिस्त्रीला फोन लावला.

"मध्ये कॉक लावलाय ना?" तो म्हणाला.

"तू नाही लावलास?"

"तुम्ही सांगितला नव्हता. मला वाटलं, आधीच असेल." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण नाना, घाटात इंजिन गरम होणार नाही तुमचं. एवढी उष्णता आत फेकताय म्हटल्यावर इंजिन मस्त थंड राहतं."

खरंच होतं. नांदुरीच्या चढावर आजूबाजूच्या गाड्या वाफा सोडत उभ्या होत्या, आमचा काटा जागचा हलला नाही. आत सगळे घामानं निथळत होते, आणि पायी चढणारे यात्रेकरू आमच्या उघड्या खिडक्यांकडे दयेनं बघत होते.

परतल्यावर मिस्त्री कॉक घेऊन आला. पितळी, सुरेख. बसवायचा तर दोन्ही पाइप मध्येच कापायचे, म्हणजे चार नवे जोड, चार नव्या क्लिपा, पुन्हा हवा काढणं. त्यानं कटर हातात घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आईकडे पाहिलं.

"राहू दे रे," आई म्हणाली. "ओल्यापेक्षा ऊन बरं."